अंगठ्याएवढी जागा

कोराडीहून स्लीव्ह आली, गोणपाटात गुंडाळून.
राखेचं पाणी ओढणाऱ्या पंपाची.
ग्लँडच्या जागी तीन चरे पडलेले,
नख अडकेल इतके खोल,
आणि त्यांत अजून थोडी राख,
ओली, करडी, वास नसलेली.

हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचं शेड.
मे महिना. पत्र्याखाली सेहेचाळीस.
प्रांजली म्हणाली, काका,
अर्धं प्रीहीट तर नागपूरच करून देते.
बावण्यांची पोरगी, आयटीआय करून आलेली,
जिभेला धार, हाताला अजून यायची आहे.

आधी लेथवर झिजलेलं सगळं काढून टाकायचं,
त्याच्यासोबत चांगलंही थोडं जातं.
मग ग्रिट मारायची,
लोखंड मांजराच्या जिभेसारखं खरखरीत होईस्तोवर.
तिथून पुढे उघडा हात लावायचा नाही.
बावीस वर्षांत कित्येक पोट्ट्यांना सांगितलं,
हात नको लावू बे,
बोटाचं तेल तुला दिसत नाही,
पावडरला दिसते.

चक फिरतो.
गन डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.
निकेल, क्रोम, जरासं बोरॉन,
रव्याहून बारीक, मुठीत घेतलं तर भलतंच जड,
ज्वाळेतून जाताना केशरी,
आदळताना चपटं.
माझा बाप गोळीबार चौकामागं लुगडी विणायचा.
धोटा असाच जायचा, असाच यायचा.
मी मागावर एक दिवस बसलो नाही,
तरी तो वेग खांद्यात कुठून आला कोण जाणे.
एक थर. त्यावर दुसरा.
मायक्रोमीटर म्हणतो, अजून.

मग फ्यूज करायचं.
इथं आकडा कामाचा नाही, डोळा लागतो.
लाल, मग नारिंगी, आणि अचानक
कोणी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी झाक.
तेवढ्यात टॉर्च पुढे सरकवायची.
एक श्वास उशीर झाला की ओघळ.
दिसली का, मी विचारतो.
दिसली, प्रांजली म्हणते.
तिला दिसली नाही. पुढच्या महिन्यात दिसेल.

रात्रभर चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवली,
हळू निवायला.

गेटवरच्या यंत्रावर अंगठा ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
डावा ठेवला. पुन्हा प्रयत्न करा.
ग्रिटनं, पावडरनं, एमरीनं
रेषा कधीच्याच पुसून नेल्या.
रेशनच्या दुकानातही हीच बोंब.
बिसेन वॉचमन न बोलता रजिस्टर पुढे करतो,
मी लिहितो: प्र. ना. निमजे, जाणे सात दहा.

सकाळी ग्राइंडिंगला घेतली.
चाक टेकलं, ठिणग्या, कूलंटचं दुधाळ पाणी,
आणि मधोमध एक पापुद्रा उठला.
अंगठ्याएवढा.
मशीन बंद केली.
प्रांजलीनं माझ्याकडं पाहिलं नाही.
तिला आठवत होतं. मलाही आठवलं:
चकमध्ये धरताना स्लीव्ह निसटत होती
आणि हातमोजा बाकावर.

खालचं उघडं लोखंड बघत राहिलो,
लांबट, जरा कललेलं.
गेटवर जो उमटत नाही
तो इथं हजेरी लावून गेला होता.

कोराडीच्या फोरमनचा फोन.
कधी देता?
परवा.
उद्या म्हटलं होतं न, भाऊ. काय झालं?
हात लागला.
कोणाचा?
आमचाच, म्हणालो, आणि लेथ चालू केला.
आवाजात पुढचं त्याला ऐकू गेलं नसावं.

पुन्हा ग्रिट, पुन्हा तीच खरखर.
प्रांजलीनं माझे हातमोजे माझ्यासमोर आणून ठेवले,
दोन्ही, पालथे नाही, घालता येतील असे.
मग चिमट्यानं तो पापुद्रा उचलला
आणि भंगारच्या डब्यात टाकण्याआधी
दाराच्या उजेडाकडं धरून पाहिला,
बराच वेळ,
त्यात रेषा आहेत का ते.